चित्राखालच्या दोन ओळी

मराठीच्या प्राध्यापकाला जगात कोणी फारसे काम सांगत नाही. कुणाची लग्नपत्रिका शुद्ध करून द्यावी, कुणाच्या निवृत्तीचे मानपत्र लिहावे, सोसायटीच्या फलकावरचे ऱ्हस्वदीर्घ पाहावे, एवढीच आमची समाजसेवा. त्यामुळे गेल्या श्रावणात एका रविवारी सकाळी आमचा एक शाळासोबती काखेला संगणक मारून घरी आला आणि "तुझ्याकडे एक काम आहे," म्हणाला, तेव्हा मी मानपत्र गृहीत धरून "किती ओळी?" एवढेच विचारले.

"एकशेवीस," तो म्हणाला.

हा माझा मित्र पोटासाठी लोकांचे हिशेब तपासतो आणि उरलेल्या वेळात फोटो काढतो. जपानला तो दोनदा जाऊन आला. एकदा २०१९ च्या शरदात आणि दुसऱ्यांदा परवाच्या वसंतात. तिथली जुनी देवळे, किल्ले, अरण्ये यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन येत्या डिसेंबरात भरवायचे त्याने ठरविले आहे. चित्रे साठ. प्रत्येक चित्राखाली दोन ओळी मराठीत हव्यात, आणि त्या मी लिहायच्या.

"एकशेवीस ओळी म्हणजे तुम्हाला काय!" आतून चहा घेऊन येता येता सौ. म्हणाली. "एवढे तर तुम्ही भाजी आणताना बोलता."

मलाही तसेच वाटले होते. श्रावणात हाती घेतलेले काम नवरात्र उलटून गेले तरी पुरे झाले नाही. ते का झाले नाही, हेच आज वाचकांना सांगायचे आहे.

आरंभ मोठा झोकात झाला. जपान १९९२ मध्ये जागतिक वारशाच्या करारात सामील झाला आणि १९९३ च्या डिसेंबरात त्याची पहिली चार ठिकाणे यादीत गेली. होर्युजीची देवळे आणि हिमेजीचा किल्ला ही दोन माणसांनी बांधलेली. याकुशिमा बेटावरचे देवदारांचे रान आणि शिराकामीचे अरण्य ही दोन निसर्गाने दिलेली. (आपली अजिंठा-वेरूळ या यादीत १९८३ सालीच गेली आहेत. दहा वर्षांनी आपण पुढे! हे वाक्य मी एका चित्राखाली घालू पाहिले, पण मित्राने ते खोडले.) चारही ठिकाणी तो हिंडून आला होता. हिमेजीचा पांढराशुभ्र किल्ला, मियाजिमाच्या समुद्रात भरतीच्या पाण्यात उभे असलेले तांबडे तोरण, क्योतोचे सोन्याच्या पत्र्याने मढविलेले देऊळ, एकाहून एक सुंदर! मी भराभर ओळी पाडू लागलो.

दहाबारा चित्रे झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. कुठल्याच चित्रात माणूस नव्हता.

"अरे, जपानात माणसे राहतात ना?"

"राहतात. मी ती जाईपर्यंत थांबतो," तो शांतपणे म्हणाला. "माणसे आली की वारसा राहत नाही, सहल होते."

एका तोरणासाठी हा गृहस्थ दोन दिवस भरतीची वाट पाहत बसला होता. पहिल्या खेपेस गेला तेव्हा त्याच तोरणाची दुरुस्ती चालू असल्यामुळे सगळे पराती आणि कापडाने झाकलेले. ते काम २०२२ सालापर्यंत चालले होते. त्या खेपेस त्याने तिथे कॅमेरा पिशवीतून बाहेरसुद्धा काढला नाही. मला त्या निग्रहाचे कौतुकच वाटले. मी स्वतः काढलेल्या फोटोंत हटकून कुणाचे तरी डोके अर्धे तुटलेले असते.

मग होर्युजीचे चित्र आले. नारा शहराजवळचे हे देवस्थान. तिथला मुख्य मंडप म्हणजे 'कोन्दो', अर्थात सुवर्णमंडप. मित्राच्या चित्रात तो बाहेरून दिसतो. वळणदार दुहेरी छपरे, जाड खांब, मधले दार उघडे आणि दारात नुसता काळोख. मी लिहिले, 'जगातील अतिप्राचीन लाकडी वास्तूंपैकी एक. आतील भित्तिचित्रे सुमारे तेराशे वर्षांपूर्वीची.'

मित्राने चष्मा कपाळावर चढविला. "आत फोटो काढू देत नाहीत, म्हणून काढला नाही. पण मी जी चित्रे आत पाहिली ती १९६८ ची आहेत. ओळ बदल."

हिशेब तपासणारा माणूस! मला जरा लागले. विद्यार्थ्यांच्या वह्यांत जी चूक मी तांबड्या शाईने अधोरेखित करतो, तीच माझ्या हातून झाली होती. न पाहता लिहिण्याची. त्या रात्री मी शोधायला बसलो, आणि काम लांबले ते इथून.

होर्युजीच्या मंडपात बारा मोठी भित्तिचित्रे होती. आपल्या अजिंठ्याच्या पद्मपाणीशी त्यांतल्या बोधिसत्त्वाचे नाते जाणकार फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. १९३५ साली सरकारने त्या भिंतींचे फोटो काढून घ्यायचे ठरविले आणि क्योतोच्या बेन्रिदो नावाच्या छापखान्यावर ते काम सोपविले. त्यांनी काय करावे? मोठ्या भिंतीचे बेचाळीस भाग पाडले, लहान भिंतीचे चोवीस, आणि प्रत्येक भागाचा मूळ आकाराएवढा फोटो काचेवर घेतला. साडेतीनशेहून अधिक काचा झाल्या. त्याखेरीज रंग वेगवेगळे करून घेतलेल्या काचा निराळ्या. पुढे १९४० पासून नामवंत चित्रकार मंडपात बसून त्या भिंतींच्या हुबेहूब नकला करू लागले. युद्ध आले, युद्ध संपले, नकला पुऱ्या व्हायच्याच होत्या. आणि १९४९ च्या २६ जानेवारीस पहाटे मंडपाला आग लागली. चित्रकारांनी थंडीसाठी वापरलेल्या विजेच्या गादीमुळे ती लागली असावी, असे सांगतात. दुरुस्तीसाठी वरचा मजला उतरवून ठेवला होता, मूर्ती हलविल्या होत्या, म्हणून तेवढे वाचले. भिंती मात्र होरपळल्या. रंग गेले, काळसर रेषा राहिल्या. ते जळके खांब आणि त्या भिंती देवस्थानाने टाकून दिल्या नाहीत. वेगळे कोठार बांधून त्यात जशाच्या तशा उभ्या करून ठेवल्या आहेत. या आगीनंतर जपानने १९५० साली पुराणवस्तूंच्या रक्षणाचा नवा कायदा केला. आपण ज्या दिवशी प्रजासत्ताक दिनाचे झेंडावंदन करतो, त्या दिवशी तिकडे देवळादेवळांतून पाण्याचे फवारे उडवून आग विझविण्याच्या कवायती होतात.

मग १९६७-६८ मध्ये भिंतींवर नवी चित्रे बसविली ती कशाच्या आधाराने? त्या १९३५ च्या काचांच्या! त्यांवरून जपानी कागदावर फिकट ठसे उमटविले आणि चित्रकारांनी त्यांवर रंग चढविले. मित्राने काळोखात पाहिली ती ही चित्रे.

यात एक आपल्याकडचा धागाही आहे, आणि तो वाचून माझा चहा गार झाला. होर्युजीत नकला करणाऱ्यांत आराई काम्पो नावाचे एक चित्रकार होते. हे गृहस्थ रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून हिंदुस्थानात आलेले, आणि १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्याच्या लेण्यांत बसून त्यांनी तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या होत्या. त्या नकला तोक्योच्या विद्यापीठात ठेवल्या, आणि १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाल्या. अजिंठ्याच्या नकलांना आगीचा शापच असावा. मेजर रॉबर्ट गिल यांनी आयुष्याची वर्षे घालून केलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली जळाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी पुन्हा केल्या, तर त्यांतल्या बऱ्याचशा १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. अजिंठ्यात नकला गेल्या नि मूळ राहिले. होर्युजीत उलटे झाले. आराईंना ते पाहावे लागले नाही. ते १९४५ सालीच वारले.

त्या काचा २०२० पासून संगणकावर कुणालाही पाहता येतात. मी पाहिल्या. रात्रीचा एक वाजला तेव्हा सौ.ने येऊन दिवा मालविण्याची धमकी दिली. काय सांगू? त्या फोटोंत 'सौंदर्य' म्हणावे असे काही नाही. एका काचेवर अर्धा तळहात आणि भिंतीचे पोपडे. दुसरीवर वस्त्राची चुणी, तिला मधूनच छेदून गेलेली तडा. तिसरीवर नुसतीच भिंत, चित्र केव्हाच झडून गेलेली. काढणाऱ्याने काही निवडलेच नाही. चांगला चेहरा आला म्हणून तो रेंगाळला नाही, कोरा गिलावा आला म्हणून त्याने वगळले नाही. बेचाळीस म्हणजे बेचाळीस. आपण आमरसाची वाटी आधी चाटून पुसून घेतो आणि भाताकडे मग पाहतो. हा माणूस पानातले मीठदेखील त्याच मनाने जेवला.

पुढल्या रविवारी मी हे सगळे मित्राला सुनावले. विजयी मुद्रेने, हे कबूल करतो.

"ते काम कारकुनाचे," तो म्हणाला. "मोठेच आहे, पण कारकुनाचे. तू दोमोन केन पाहा."

दोमोन केन हे त्याचे दैवत. १९०९ ते १९९० हा या छायाचित्रकाराचा काळ. जुन्या देवळांची त्याची चित्रमाला १९६३ ते १९७५ या वर्षांत पाच खंडांत निघाली. १९५९ मध्ये मेंदूत रक्तस्राव झाला, १९६८ मध्ये दुसऱ्यांदा झाला, आणि चाकांच्या खुर्चीत बसून, मदतनिसांना इशारे करीत त्याने उरलेले काम चालविले. नारा प्रांतातल्या डोंगरात मुरोजी नावाचे देऊळ आहे. तिथला पाच मजली मनोरा जेमतेम सोळा मीटर उंच, देवघरात ठेवावा असा. दोमोन तिथे पहिल्याने १९३९ मध्ये गेला आणि मग जातच राहिला. पण भर बर्फातले मुरोजी त्याला मिळत नव्हते. ते मिळाले १९७८ च्या मार्चमध्ये. जवळजवळ चाळीस वर्षांनी!

मित्राने ते चित्र मला दाखविले. मी गप्प बसलो. पायऱ्यांवर, झाडांवर पडलेले ते बर्फ पाहून गप्पच बसावे.

तरी मी आमच्या धंद्याला जागून म्हटले, "उद्या तो मनोरा पडला तर या चित्रावरून सुताराला काय कळेल?"

"पडलाच होता म्हण ना," तो म्हणाला. "१९९८ च्या वादळात शेजारचे झाड कोसळले त्याच्यावर. छपरे मोडली. दोन वर्षांत पुन्हा नीट उभा केला. सुताराला चित्रातून कळत नसेल. पण देऊळ लोकांच्या मनात आधी असावे लागते, तेव्हा सुताराला बोलावतात. ते कुणी केले?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि अजूनही नाही. एवढेच सांगितले की असाही एक माणूस होऊन गेला, ज्याने दोन्ही केले. इरिए ताइकिची. १९४५ च्या हवाई हल्ल्यात ओसाकातले घर जळाल्यावर तो आपल्या गावी, नाऱ्याला परतला. युद्ध हरल्यानंतर गावात बोलवा उठली की अमेरिकन लोक नाऱ्याच्या मूर्ती भरपाई म्हणून घेऊन जाणार. तोदाइजीच्या मूर्ती सुरक्षित जागेतून परत आणल्या जात असताना त्याने हे ऐकले, आणि जाण्यापूर्वी निदान फोटो तरी काढून ठेवावेत म्हणून कॅमेरा उचलला. मूर्ती कुणी नेल्या नाहीत. इरिए मात्र १९९२ मध्ये मरेपर्यंत नाऱ्याचेच फोटो काढीत राहिला, आणि त्यांत धुके, पाऊस, मावळतीही पुष्कळ आहे.

यापुढची चित्रे अरण्यांची होती, ती लवकर उरकली. एका चित्राची मात्र गंमत सांगतो. याकुशिमा बेटावर एक अवाढव्य पोकळ बुंधा आहे. विल्सनचा बुंधा म्हणतात त्याला. आत शिरून ठराविक कोपऱ्यातून वर पाहिले की आकाशाचा तुकडा बदामाच्या आकाराचा दिसतो, पत्त्यांतल्या बदामासारखा. जो जातो तो हाच फोटो काढतो. आमच्या मित्रानेही काढला. ज्या विल्सनचे हे नाव, तो अमेरिकेतल्या एका वृक्षोद्यानासाठी झाडे गोळा करीत हिंडणारा इंग्रज. १९१४ साली काचांचे ओझे घेऊन तो या बेटावर आला. झाडाचा आकार कळावा म्हणून त्याच्या फोटोंत पुष्कळदा बुंध्याशी एखादा माणूस उभा केलेला असतो. "बघ, माणूस!" मी म्हटले. मित्र हसला नाही.

मग माझ्या ध्यानात आले की त्याच्या यादीत ओकिनावा नाही. १९ च्या खेपेस तो तिथे गेला होता हे मला ठाऊक होते. तिथून आणलेल्या काळ्या गुळाच्या खड्यांवर आमच्या मुलांनी ताव मारला होता. "शुरीच्या किल्ल्याचे एकही चित्र नाही?"

तो बराच वेळ बोलला नाही. त्या वेळी मला वाटले, चित्रे चांगली आली नसतील.

शुरीचा किल्ला म्हणजे ओकिनावाच्या जुन्या राजांची गादी. राज्य गेले, वास्तू मोडकळीस आली, आणि १९२४ च्या सुमारास ती पाडायचे ठरले. तिथे कामाकुरा योशितारो नावाचा एक तरुण कलाशिक्षक राहून गेला होता. ही बातमी वर्तमानपत्रात वाचून त्याने वास्तुशास्त्राचे मोठे पंडित इतो चूता यांचे घर गाठले, आणि त्यांनी सरकारात खटपट करून पाडकाम थांबविले. पुढे कामाकुराने किल्ल्याचे नि बेटावरच्या कितीतरी गोष्टींचे शेकडो फोटो काचांवर घेतले. १९४५ च्या लढाईत किल्ला धुळीस मिळाला. १९९२ मध्ये मुख्य वास्तू पुन्हा बांधली तेव्हा कामाकुराचे फोटो आणि टिपणे हाताशी होती. ती नवी वास्तू २०१९ च्या ३१ ऑक्टोबरला पहाटे पुन्हा जळून गेली. ती पुन्हा बांधणे आले. लगोलग तोक्यो विद्यापीठातल्या मंडळींनी जगाला हाक घातली की तुम्ही शुरीला गेला असाल तर तिथले तुमचे फोटो पाठवा. घरगुती, सहलीचे, कसलेही. संगणकावर ते जुळवून वास्तूचा कोपरा न् कोपरा पुन्हा उभा करू. हजारो फोटो आले. नवरा-बायको, शाळेची पोरे, आजी, आजीच्या मागे खांब. दाराशी असलेल्या दगडी ड्रॅगनांची तोंडे एकमेकांकडे होती की समोर, असा तिथे एक जुना वाद आहे. त्यात एका फ्रेंच आरमारी अधिकाऱ्याने १८७७ मध्ये काढलेला फोटो अलीकडे हाती आला आणि ती समोर पाहताना दिसली. तो अधिकारी ड्रॅगनांची दिशा टिपायला थोडाच आला असेल!

"मी ऑक्टोबरातच होतो तिथे," मित्र शेवटी बोलला. "आगीच्या तीन आठवडे आधी. दीड दिवस गर्दी हटली नाही. शाळेची पोरे होती पिवळ्या टोप्या घातलेली, एक गट गेला की दुसरा यायचा. तरी बटण दाबत होतो. शंभरएक असतील. हॉटेलात येऊन पाहिले, सगळ्यांत टोप्या. सगळे पुसून टाकले. दोन ठेवले, एका छपराच्या टोकामागे आकाश आणि एक सावली."

"आणि विद्यापीठाला?"

"ती सावली पाठवू?"

मी उगाच विचारले असे झाले. त्याला धीर द्यावा म्हणून मी माझीच गोष्ट सांगितली. आमचा पेठेतला वाडा १९९४ साली पाडला. माझा जन्म तिथला. तीन पिढ्या तिथे नांदल्या, पण वाड्याचा म्हणून एकही फोटो आमच्याजवळ नाही. वाड्याचा फोटो कोण काढतो? तो तर रोजचाच. आहे तो माझ्या मुंजीचा एक फोटो. चौकात मी बसलेला, घेरा केलेला, रडका. शेजारी वडील, मागे उभे आमचे नाना, त्यांच्याही मागे अंधुकसा सोपा.

"आण," तो म्हणाला.

कपाटातून अल्बम काढला. त्याने तो फोटो काचेवर पालथा घालून यंत्राने संगणकात घेतला आणि मोठा करीत करीत मला, वडिलांना, नानांना बाजूला सारून मागे गेला. सोप्याचे खांब दिसू लागले. तुळशीवृंदावनाची एक कड. भिंतीवर कोनाडा, कोनाड्यात काहीतरी काळे. ते कंदील असावे असे मी म्हटले, सौ. म्हणाली तांब्या. कोनाडा होता हे मी विसरूनच गेलो होतो.

त्या दिवसापासून प्रदर्शनाचे गणित बदलले आहे. साठातली अकरा चित्रे त्याने काढून टाकली आणि त्यांच्या जागी बाद केलेल्यांतली, पुसायची राहिलेली चित्रे घातली. होर्युजीच्या मंडपापुढे छत्री मिटणारी म्हातारी, हिमेजीच्या दाराशी झाडू मारणारा रखवालदार. ती बरी दिसत नाहीत हे त्याचेही मत आहे, आणि माझेही. बर्फातल्या मुरोजीसारखे एखादे त्याच्याही हातून व्हावे असे मला अजून वाटते. कोन्दोच्या चित्राखाली मी आता लिहिले आहे, 'मंडप सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचा. १९४९ मध्ये खालचा भाग जळाला. आतील चित्रे १९६७-६८ ची, १९३५ च्या छायाचित्रांवरून.' वाचायला रुक्ष आहे. त्याने ते बिनतक्रार मान्य केले.

परवा मुंजीच्या फोटोची मोठी प्रत घेऊन आम्ही दोघे आत्याकडे गेलो होतो. तिचे वय शहाऐंशी. तिने भिंग लावून पाहिले आणि म्हणाली, सोप्याला खांब सहा होते. चित्रात चारच दिसतात.

"बाकीचे दोन कुठे गेले, आत्या?"

"नानाच्या मागे," आत्या म्हणाली. "कुठेही गेला तरी मध्येच उभा राहायचा मेला."